फारकतीचा कागद आणि बाबासाहेबांचा राजीनामा

१४ एप्रिल असो की ६ डिसेंबर, स्टेजवरून एक वाक्य हमखास ऐकू येते: बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी कायदामंत्रिपदावर लाथ मारली. टाळ्या पडतात. वाक्य खरेच आहे. पण ज्या वस्तीत या टाळ्या पडतात, त्याच वस्तीत आठवड्याभराने समाजाची बैठक बसते. चार ज्येष्ठ मंडळी, दोन्हीकडचे मामा-काका आणि मध्ये मान खाली घातलेली एक बाई. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर 'आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहणार नाही' असे लिहिले जाते. तिची सही किंवा अंगठा घेतला जातो. प्रकरण मिटले म्हणून मंडळी चहा पिऊन उठतात.

नंदुरबार जिल्ह्यात काम करताना असे कागद आमच्यासमोर सतत येतात. बौद्ध वस्तीतून येतात, आणि पाड्यावरच्या पंचांनी लिहून दिलेलेही येतात. बाया ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात, कारण हाच आपला घटस्फोट आहे असे त्यांना सांगितलेले असते. आमचे म्हणणे सरळ आहे. हा कागद बाईला घटस्फोट देत नाही, पण तिची पोटगी घालवायला मात्र उपयोगी पडू शकतो. हिंदू कोड बिलाचा अभिमान सांगणाऱ्या चळवळीने हा कागद आपल्या वस्तीत लिहू देता कामा नये.

आधी इतिहास नीट लक्षात घेऊ. घटस्फोटाची मागणी बाबासाहेबांनी वरून आणलेली नव्हती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. त्या परिषदेत आपल्या आयाबायांनी पत्नीला घटस्फोटाचा हक्क मिळावा आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे असे ठराव केले. गिरणीत राबणाऱ्या, विडी वळणाऱ्या बायांचा हा आवाज होता. पुढे कायदामंत्री म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल हाती घेतले, तेव्हा त्यात घटस्फोट होता, पोटगी होती, दत्तक होते, वारसाहक्क होता. सनातन्यांनी ते रोखून धरले. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला आणि बिल गुंडाळले जाणे हे त्यामागचे एक मोठे कारण म्हणून नोंदवले. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चे वारसा, पालकत्व आणि दत्तक-पोटगीचे कायदे झाले.

आता प्रश्न असा, की त्या कायद्यातून नंदुरबारच्या बाईच्या हातात काय पडले?

बाहेर ठेवलेल्या बाया

२०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांचा हा जिल्हा. आणि हिंदू विवाह कायद्याचे कलम २(२) सांगते, की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. दत्तक आणि पोटगीच्या १९५६ च्या कायद्यातही तीच तरतूद आहे. म्हणजे ज्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या कक्षेत जिल्ह्यातल्या बहुसंख्य बाया येतच नाहीत.

मग त्यांना काय लागू? रूढी. आणि रूढी म्हणजे काय, ते कोर्टात सिद्ध करायचे तिनेच. २००१ चा सुरजमणी स्टेला कुजूर विरुद्ध दुर्गाचरण हांसदा हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा. बायको उराव, नवरा संथाल. नवऱ्याने दुसरे लग्न केले म्हणून ती फौजदारी तक्रार घेऊन गेली. न्यायालय म्हणाले, तुम्हाला हिंदू विवाह कायदा लागू नाही, आणि तुमच्या रूढीप्रमाणे दुसरे लग्न बेकायदा ठरते हे तुम्ही दाखवलेले नाही. तक्रार टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकणाऱ्या बाईची ही गत, तर धडगावच्या डोंगरातल्या बाईने रूढीचा पुरावा कुठून आणायचा?

दुसरे टोक बघा. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मीना समाजातल्या एका जोडप्याच्या प्रकरणात सांगितले, की लग्न हिंदू रीतीने लागले असेल आणि जोडपे हिंदू चालीरीती पाळत असेल, तर अनुसूचित जमातीचे असूनही त्यांना हिंदू विवाह कायदा लागू होऊ शकतो. वरवर ही सोय वाटते. पण तिचा अर्थ काय होतो? आदिवासी माणसाला कायद्याच्या दारात यायचे असेल तर आधी आपण हिंदू झालो आहोत हे सिद्ध करावे लागते. एकीकडे 'तुम्ही वनवासी हिंदूच' म्हणणाऱ्या संघटना सातपुड्यात फिरतात, दुसरीकडे कोर्टात हाच पुरावा मागितला जातो. स्वतःची ओळख सोड, मग घटस्फोट घे, हा कसला न्याय?

समान नागरी कायद्याचा गजर करणाऱ्यांनाही या बाईची आठवण नाही. उत्तराखंडने २०२४ मध्ये आपला समान नागरी कायदा केला, आणि त्यातून अनुसूचित जमातींना वगळले. आदिवासींवर बाहेरून कायदा लादू नये हे आम्हालाही मान्य आहे. पण वगळल्यावर त्या बाईसाठी दुसरी काय व्यवस्था केली, हा प्रश्न कोणी विचारायचा?

आत असूनही बाहेर

बौद्ध बाईचे प्रकरण उलटे आहे. तिला हा कायदा लागू आहे. २२ प्रतिज्ञा घेतल्या, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लग्न लागले, तरी वेगळे होण्याचा अर्ज हिंदू विवाह कायद्याखालीच करावा लागतो. हे अनेकांना बोचते, आम्हालाही बोचते. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी रास्त आहे आणि ती लढलीच पाहिजे. पण तो कायदा येईपर्यंत नवऱ्याने टाकलेल्या बाईने थांबून राहायचे नाही. आज जो कायदा आहे तो बाबासाहेबांच्या घामाचा आहे, आणि तो वापरायला लाज कसली?

परस्पर संमतीने घटस्फोट हवा असेल तर त्याच कायद्याच्या कलम १३ ब खाली दोघांनी मिळून कोर्टात अर्ज करायचा असतो. त्यात कायमची पोटगी, मुलांचा ताबा, दागिने, भांडीकुंडी असे सगळे लिहून घेता येते आणि ते हुकूमनाम्यात येते. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घटस्फोट होत नाही. कायद्याने रूढीप्रमाणे होणारी फारकत कलम २९(२) मध्ये राखून ठेवली आहे, पण ती जुनी, ठाम रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. १९५६ मध्ये धम्म स्वीकारताना आपण जुन्या जातीच्या रूढी टाकून आलो. मग आता कोणत्या जातीची रूढी कोर्टात सिद्ध करायला निघालो आहोत?

आता त्या कागदातल्या एका शब्दाकडे लक्ष द्या. 'राजीखुशीने'. पोटगीचे फौजदारी कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. त्याच्या चौथ्या पोटकलमात म्हटले आहे, की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी मिळणार नाही. म्हणजे बघा. तो कागद घटस्फोट म्हणून टिकत नाही, त्यामुळे कायद्याने ती अजून त्याची बायको. पण 'राजीखुशीने वेगळे राहतो' हे तिच्याच सहीने लिहिलेले, त्यामुळे त्याचा वकील उभा राहून म्हणणार, पोटगी कशाची? याउलट कोर्टातून रीतसर घटस्फोट घेतलेली बाई पुन्हा लग्न करेपर्यंत पोटगी मागू शकते, मग तो घटस्फोट संमतीचा का असेना. कोर्टाचा कागद आणि बैठकीचा कागद यांत एवढे अंतर आहे. ज्येष्ठ मंडळींचा हेतू चांगलाही असेल, पण बाईचे नुकसान हेतूने भरून निघत नाही.

आणि ज्या बायांनी असे कागद आधीच लिहून दिले आहेत, त्यांनी हातपाय गाळू नयेत. पोटगीचा हक्क करारात लिहून सोडून देता येत नाही, असे उच्च न्यायालयांनी अनेक निकालांत म्हटले आहे. दबावाखाली सही घेतली होती हे सांगता येते. तो कागद घेऊनच वकिलाकडे जावे, फाडून टाकू नये.

सगळ्यांसाठी उघडे दार

कलम १४४ चे मोठेपण हे, की ते धर्म विचारत नाही आणि जमात विचारत नाही. बौद्ध, भिल्ल, पावरा, मुस्लीम, सगळ्या बायांना ते लागू आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लीम स्त्रीबाबतही हे पुन्हा स्पष्ट केले. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होतो, आणि जिथे बाई राहते तिथे करता येतो. नवरा सुरतेला गेला, बार्डोलीकडे ऊसतोडीला गेला, तरी तिने गुजरातच्या कोर्टात जायचे नाही. माहेरच्या तालुक्यातून नोटीस काढायची. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल द्यावा, असे कायदाच सांगतो.

नवरा म्हणतो, मी मजूर, माझ्याकडे कुठून पैसा? ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल मात्र त्याच्या हातात. तिने पहाटेपासून मोळ्या वाहिल्या, पण हिशेबाच्या वहीत तिचे नाव नाही. असा माणूस पोटगीच्या वेळी गरीब होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात सांगितले, की धडधाकट नवऱ्याने अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना पोसलेच पाहिजे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात न्यायालयाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र देणे सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवून दिले. म्हणून अर्ज लवकर करणे महत्त्वाचे. ज्या महिन्यात बैठका होत राहतात, त्या महिन्याची पोटगी बुडते.

'नांदायला जा, नाहीतर काही मिळणार नाही' असे पंच दरडावतात. कायदा म्हणतो, नवऱ्याने दुसरी केली किंवा ठेवली असेल तर त्याच्याकडे नांदायला नकार देण्याचे ते पुरेसे कारण आहे. आणि 'आमच्यात दुसरे लग्न चालते' असे सांगणाऱ्याला आम्ही विचारतो, चालते ना? मग पहिली आणि दुसरी, दोघीही तुझ्या रीतसर बायका झाल्या. दोघींना पोस. फसवून केलेल्या दुसऱ्या लग्नातही, पहिले लग्न लपवले असेल तर, त्या बाईला पोटगी मिळू शकते. महाराष्ट्रातल्याच बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे.

सातपुड्यात देज द्यायची ऐपत नसते म्हणून अनेक जोडपी आधी एकत्र राहतात आणि लग्नाचा विधी वर्षांनी करतात. अशा बाईला 'तुझे लग्नच कुठे झाले' म्हणून हाकलता येत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लग्नासारख्या नात्यालाही धरतो. त्यात संरक्षण आहे, घरात राहण्याचा हक्क आहे, खर्चाची रक्कम आहे, मुलांचा तात्पुरता ताबा आहे.

एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. पोटगीचा हुकूम झाला आणि नवऱ्याने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल आज ना उद्या' म्हणून तीन वर्षे वाट पाहिली, की या मार्गाने जुनी थकबाकी हातची जाते.

मूल कोणाचे

दत्तकाचेही तसेच. भावाचे मूल, बहिणीचे मूल बैठकीत ओटीत घातले जाते, नोटरीचा कागद होतो, आणि शाळेत, जातीच्या दाखल्यात, वारसनोंदीत तो कागद कामाला येत नाही. बौद्ध कुटुंबाला १९५६ चा दत्तक कायदा लागू आहे. त्यात मूल प्रत्यक्ष देणे-घेणे आणि इतर अटी पाळून दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवला, तर कायदा ते दत्तक खरे धरून चालतो. आदिवासी कुटुंबाला तो कायदा नाही, पण २०१५ चा बाल न्याय कायदा सगळ्यांना खुला आहे. मोठ्या समाजातल्यांनाच तो माहीत असतो एवढेच. शबनम हाश्मी प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते. काका, मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबा यांना नात्यातले मूल रीतसर दत्तक घेण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे दिला. कोणाच्या दारात सापडलेले किंवा दवाखान्यात सोडलेले मूल परस्पर घेणे-देणे मात्र गुन्हा आहे, पुण्य नव्हे.

इथेही फारकतीचा कागद आडवा येतो. नवऱ्याने टाकलेली बाई मूल दत्तक घ्यायला निघाली, तर कायद्याच्या नजरेत ती विवाहित, म्हणजे त्याच नवऱ्याची संमती आणा. दहा वर्षे तोंड न दाखवलेल्या माणसाची सही! घटस्फोटाचा हुकूमनामा हाती असता तर तिला कोणाला विचारावे लागले नसते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप, 'कोर्टात वर्षे जातात, बैठकीत एका दिवसात मिटते.' कोर्टाची दिरंगाई खरी आहे. पण एका दिवसात काय मिटते? नवऱ्याची अडचण. तो महिन्याभरात दुसरी आणतो. बाईची अडचण त्या दिवशी सुरू होते.

दुसरा, 'तुम्ही आंबेडकरी लोक आदिवासींच्या रूढीत का बोलता?' आम्ही रूढी मोडायला जात नाही. पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी आणि पारंपरिक न्यायपद्धती जपण्याचा अधिकार दिला, त्याचा आम्हाला आदर आहे. पण पाच पुरुष पंच म्हणजे ग्रामसभा नव्हे. ग्रामसभेत बाया बसतात, मत देतात. फारकत कधी, देजचे काय, मुले कोणाकडे, पोटगी किती, हे आदिवासी बायांनीच ग्रामसभेत ठरवून लिहून काढावे. लिहिलेली रूढी तिला कोर्टातही कामाला येईल. आणि संविधानाचे कलम १३ विसरू नये. कायद्याचे बळ असलेली रूढीसुद्धा त्या कलमात 'कायदा' म्हणून धरली आहे, आणि मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द ठरतो. पंचांनी न ऐकणाऱ्या घराला वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

तिसरा, 'वकिलाला पैसे कुठून?' हा आक्षेप नाही, ही माहितीची उणीव आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात आहेत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. १५१०० हा फोन क्रमांक आहे. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यात बायांना कोर्ट फी माफ आहे. दिलेला वकील लक्ष घालत नसेल तर लेखी तक्रार करून बदलून मागता येतो. लोकअदालतीत तडजोड करायची तर अटी वाचून, समजून. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

कार्यकर्त्याचे काम

कायदा आहे, वकील फुकट आहे, तरी बाई तिथे पोचत नाही. कारण मोलगीहून तालुक्याला यायचे भाडे नाही, सोबत कोणी नाही, आणि पावरी-भिलीत बोलणाऱ्या बाईला कोर्टातली मराठी समजत नाही. ही दरी वकील भरून काढणार नाही, कार्यकर्ताच काढेल.

म्हणून आंबेडकरी तरुणांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक विहारातून एक मुलगा आणि एक मुलगी विधी स्वयंसेवक म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडे नाव नोंदवा. जमेल तिथे आदिवासी मुलामुलींना सोबत घ्या, कारण भाषा त्यांच्याकडे आहे. रविवारी वंदनेनंतर तासभर बसा. बाईची कागदपत्रे जुळवा: रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचे फोटो, पत्रिका. पोटगीच्या कामात लग्नाचा कडक पुरावा लागत नाही, पण जे आहे ते जवळ असावे. तारखेला तिच्यासोबत जा. थकलेल्या पोटगीचा महिनेवार हिशेब वहीत ठेवा, म्हणजे वर्ष उलटणार नाही. लग्न लागले की ग्रामसेवकाकडे किंवा नगरपालिकेत नोंद करायला लावा. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज भरा.

आणि समाजाची बैठक बसली तर तिथे जा. ज्येष्ठांचा मान ठेवून, उभे राहून एवढेच म्हणा: काका, समेट जरूर करा, पण स्टॅम्प पेपरवर फारकत लिहू नका. बाईला तालुक्याला नेऊ, कोर्टातून लिहून घेऊ.

पुढच्या भीमजयंतीला राजीनाम्याचे वाक्य स्टेजवरून पुन्हा येईल. तेव्हा आपल्या तालुक्यातल्या किती बायांचे पोटगीचे अर्ज दाखल झाले, किती हुकूम झाले, किती वसुली झाली, हा आकडाही त्याच माईकवरून वाचून दाखवा. वर्गणीच्या हिशेबाशेजारी हा हिशेब लागला पाहिजे.

जय भीम! जय आदिवासी!